टमाट्याला ऊन लागलं

१९८१ सालच्या मे महिन्यातला एक रविवार, दुपार. गच्चीवर हजर: भानुदासकाका, त्यांच्या पत्नी सिंधूकाकू, माझी आई आणि नुकतीच बँकेत लागलेली मी. शिवाय कुंड्यांतली टमाट्याची झाडं. काका त्यांनाही हजेरीत धरत.

काका आमचे गुलमंडीमागचे शेजारी. शाळेत शेती शिकवून निवृत्त झालेले. औरंगपुऱ्याच्या मंडईतून येताना ते छत्री स्वतःवर नव्हे, पिशवीवर धरायचे. टक्कल तापून निघायचं, पालक सावलीत. कुणी हसलं की म्हणायचे, "माझ्यात जीवनसत्त्व राहिलंय कुठं? पालकातलं तरी जपू द्या."

मंडईत सुकलेली मेथी दिसली की "हिचा मिजाज बिघडला" म्हणून पुढं जायचे. उन्हाळी मुळा जहाल निघाला तर मात्र टाकू द्यायचे नाहीत. उन्हात जीव वाचवायला झाडानं स्वतःच केलेली ती दवा आहे, म्हणायचे. आम्ही डोळे पुसत मुळा खायचो.

त्या वर्षी गच्चीवरचे टमाटे पिवळे झाले आणि तिथंच अडले. अति उष्म्यात लाल रंग तयार होणं थांबतं, पिवळा तेवढा उरतो, जरा गारवा मिळाला की फळ पुन्हा रंग धरतं, असं काकांनी आम्हाला समजावलं. पण निदान केलं ते एवढंच: "टमाट्याला ऊन लागलं." मग माणसाचे सगळे उपाय झाडांवर सुरू झाले. कुंडीत कांदा. खोडाला ओल्या फडक्याची पट्टी. वर भिजवलेल्या गोणपाटांचा मांडव. काकूंनी पन्हं केलं, तेव्हा पहिला पेला कुणाला, असं आईनं विचारूनच घेतलं.

गच्चीच्या कडेला काकूंचं पत्र्याचं स्वयंपाकघर होतं. त्या रविवारी भाकऱ्या आटोपून काकू बाहेर आल्या आणि चौकट धरून खालीच बसल्या. डोळ्यांपुढं अंधारी आली होती. आईनं पाणी पाजलं, पदरानं वारा घातला आणि काकांकडं वळून म्हणाली, "भावजी, झाडाला मांडव अन् बाई पत्र्याखाली व्हय?"

काकांनी पत्र्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला. मग मांडवाच्या सुतळ्या सोडायला लागले.

"अहो, राहू द्या," काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या. "दोन दिवसांत रंग धरतील ते."

"नाय धरला तर नाय. टमाटे लाल होईनात अन् तू व्हायलीस. हे मला दिसलंच नाय."

एवढं बोलून त्यांनी गोणपाटं पुन्हा भिजवली आणि आम्ही तिघी नको म्हणत असताना शिडी लावून ती पत्र्यावर पसरली. चुलीवरचा कोपरा तेवढा उघडा राहिला. आणखी एक गोणपाट हवं होतं आणि भर दुपारी दुकानं बंद. काका तांब्या-तांब्यानं त्या कोपऱ्यावर पाणी ओतत राहिले. ते क्षणात वाळायचं. काकूंनी खाली या म्हणून दोनदा हाक मारली.

काका उतरले नाहीत; तो कोपरा झाकायचा राहिला होता.