अप्पांच्या दाराला चार इंची खिळे

"सुताराला फोन करायचा नाही! हे काम मी स्वतः करणार!" सलिलने भर हॉलमध्ये जाहीर केलं. हॉलमध्ये पांढऱ्या कपड्यांतली पंधरावीस माणसं माना खाली घालून बसली होती आणि आतल्या खोलीत त्याचे वडील अप्पा चादरीखाली शांत झोपले होते. कायमचे. सुताराला फोन करायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं, हा भाग वेगळा.

झालं होतं असं, की अप्पांच्या खोलीच्या चौकटीची पट्टी सुटली होती आणि वाऱ्याने दार सारखं खडखडत होतं. आत अप्पांच्या उशाशी त्यांची धाकटी बहीण सरोजआत्या दिव्याला हाताचा आडोसा धरून बसली होती. "सलिल, ते दार गप्प कर रे! दिवा विझतोय!" एवढंच ती म्हणाली. सलिलने दार ओढून घेतलं आणि हातोडा आणायला गेला.

हातोडा! पन्नाशी उलटली तरी अप्पांनी कधी त्याला हातोड्याला हात लावू दिला नव्हता. अप्पा शाळेत चित्रकला शिकवायचे, पण सुतारकामाचं भारी वेड. माळ्यावर इंचाइंचाप्रमाणे खिळ्यांच्या बरण्या. "खिळा पट्टीच्या जाडीच्या तिप्पट. त्याहून मोठा म्हणजे आगाऊपणा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि लगेच दुसरं, "तू राहू दे. तू चहा सांग." सकाळपासून सलिलला रडूसुद्धा आलं नव्हतं. छातीत नुसता धोंडा बसला होता. आयुष्यभर चहाच सांगितला, निदान आज तरी बापाचं एक काम आपल्या हातून धड व्हावं, एवढंच त्याला हवं होतं.

पट्टी अर्धा इंच जाड. म्हणजे खिळा दीड इंची. सरळ हिशेब! पण सलिलचा हात बरणीपाशी अडखळला. जन्मदात्या बापाच्या दाराला दीड इंची? चारचौघांत शोभेल का? त्याने सगळ्यात शेवटची बरणी उघडली. चार इंची! त्याने बंद दारावरच ठोकायला सुरुवात केली. पहिला खिळा जरा तिरका गेला, म्हणून आधाराला दुसरा. दुसऱ्याला सोबत म्हणून तिसरा आणि चौथा.

"मयताचं घर आहे की बांधकाम?" आत्या आतून म्हणाली.

"झालं आत्या! आता जन्मात हलणार नाही!"

आणि खरंच हललं नाही. खाली शववाहिका आली, अप्पांना बाहेर आणायची वेळ झाली. सलिलची बायको तनया दाराशी गेली. तिने ढकललं, मग खांदा लावला, मग वाकून निरखून पाहिलं. पट्टीतून, चौकटीतून खिळे थेट दारात!

"अहो, हे काय केलंत? अप्पांना आत ठोकून ठेवलंत!"

"आणि मला!" आत्या म्हणाली. "मी अजून आहे म्हटलं!"

शेजारचे संभाजीराव पक्कड घेऊन धावले. जोर लावला. खिळा जागचा ढिम्म, डोकं तेवढं तुटून पकडीत आलं. "माल अस्सल आहे हो," ते कौतुकाने म्हणाले. मग चौघांनी दाराला खांदे लावले.

"थांबा!" सलिल ओरडला. "दाराला लागूनच अप्पांचं डोकं आहे! लागेल त्यांना!"

"आता त्यांना काय लागणार, सलिलराव?" संभाजीराव म्हणाले.

"मला लागेल!" आत्या कडाडली. "आणि घाई तुम्हाला आहे. त्याला नाही."

कोपऱ्यात कुणालातरी हसू फुटलं, त्याने ते खोकल्यात दडपलं. खालून ड्रायव्हर हॉर्न मारत होता. स्मशानातली वेळ टळली तर पुढचा नंबर थेट संध्याकाळी! सलिल दाराला कपाळ टेकून उभा राहिला.

"आत्या, शेवटचं कामसुद्धा मला धड जमलं नाही गं."

आत्या म्हणाली, "ते दिसतंयच. कॉटखाली याची हत्यारांची पेटी आहे. बघते मी."

थोड्या वेळाने आतून खर्रखर्र सुरू झाली. सत्तरी ओलांडलेली आत्या पदर खोचून दाराच्या फटीत लोखंड कापायच्या करवतीचं पातं चालवत होती आणि बाहेर अख्खं गणगोत श्वास रोखून उभं होतं. एकेक खिळा कापला गेला. दार करकरलं आणि उघडलं.

आत्या घामाघूम झाली होती. तिने सलिलपुढे मूठ उघडली. तळहातावर चार छोटे खिळे.

"दीड इंची. पेटीत वरच होते. माझ्या मेलीच्या ध्यानातून गेलं होतं. गेल्या आठवड्यात त्यानेच तुझ्यासाठी काढून ठेवले. म्हणाला, ही पट्टी सलिललाच लावू दे."

सलिलच्या छातीतला धोंडा एकदम सरकला. तो दारातच मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. तनयाने डोळ्यांना पदर लावला. संभाजीरावांनी पक्कड खिशात घातली आणि नाक ओढलं.

"खरंच, आत्या? मलाच लावू दे म्हणाले?"

"हो रे बाबा," आत्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. "पण मी गेल्यावर, म्हणाला. जिवंतपणी माझ्याच्यानं बघवायचं नाही!"