भरतीचं पोतं

दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहून जळणं हे माझ्या रक्तातच नाही. आमच्या गावी, केशोरीत, कुणालाही विचारा. शेजारच्या उमरावला माझ्यापेक्षा जास्त धान झालं, तेव्हा मी स्वतः त्याच्या घरी जाऊन त्याचं अभिनंदन करून आलो होतो! येताना त्याच्या बांधीचा धुरा, म्हणजे धानाच्या शेताचा बांध, माझ्या बाजूला किती सरकलाय तेवढं पावलांनी मोजून पाहिलं, पण ती वेगळी गोष्ट.

तर सांगायचा मुद्दा असा, की गजेंद्रच्या घडीच्या सायकलीचा मला अजिबात हेवा वाटला नव्हता.

मी टिकाराम कापगते. राहतो गोंदियात, आणि तिथेच मुन्नालाल सेठजींच्या राईस मिलमध्ये एकोणीस वर्षांपासून मुनीम आहे. गजेंद्र पटले तिथेच चार वर्षांपासून आहे, माझ्या हाताखाली. माझ्या हाताखाली, हे मी मुद्दाम सांगतो, कारण ती सायकल आली आणि सगळे ते विसरले.

एका सोमवारी हा गजेंद्र लाल रंगाची, बुटक्या चाकांची सायकल चालवत मिलमध्ये आला. ऑफिसच्या दारात उतरला, खटक, खटक, खटक असे तीन खटके केले आणि सायकलीची घडी उचलून आत घेऊन आला. टेबलाखाली सरकवून दिली आणि कामाला लागला. अख्खं ऑफिस उठून बघायला आलं! मी एकोणीस वर्षं त्याच दारातून आत येतोय, माझ्यासाठी कधी कुणी मानसुद्धा वर केलेली नाही. हमाल आले, ड्रायव्हर आले, शेवटी खुद्द सेठजी आले. त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिलं आणि गजेंद्रच्या पाठीवर थाप मारली. माझ्या पाठीवर शेवटची थाप पडली होती ती पाल पडली म्हणून.

इथपर्यंतही मी सोसलं असतं. पण मधे बाजारातलं ऑफिस आलं. सेठजींनी बाजारातल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर खोली घेतली होती. काचेची केबिन, एसी, गोल फिरणारी खुर्ची. व्यापाऱ्यांशी बोलायला तिथे भरवशाचा एकच माणूस बसणार होता. आता एकोणीस वर्षं मिलचा कोंडा आणि धूळ कुणी खाल्ली? ती खुर्ची माझी होती. माझ्या बायकोने, शामकलाने, तर तिच्या अर्जुनीच्या बहिणीला ते सांगूनही टाकलं होतं. फक्त सेठजींनी सांगायचं बाकी होतं.

पण त्या गल्लीत मोटारसायकल उभी करायला टिचभर जागा नव्हती. सेठजींनी त्या दिवशी सगळ्यांसमोर लाल सायकलीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बाजार के लिए तो यही चीज ठीक है."

चीज म्हणजे सायकल की गजेंद्र, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. दुपारी माझा डबा न उघडताच घरी परत गेला.

चार दिवसांत माझी घडीची सायकल घरी आली! ऑनलाइन मागवली. गजेंद्रच्या सायकलीपेक्षा स्वस्त, पण फोटोत तिच्यापेक्षा चकचकीत, निळीशार. शामकलाने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"आपली गाडी चांगली चालून राहिली, मग हे काऊन घेतली?"

मी म्हणालो, तब्येतीसाठी. ती म्हणाली, "तब्येत तुमची गजेंद्र भाऊजीची सायकल पाहून बिघडली." बायकांना कशाला काय म्हणावं ते कळत नाही.

मग मी अंगणात सराव सुरू केला. दोन बोटं चेमटली, एकदा शर्टाचं टोक बिजागरीत अडकलं आणि शामकलाला मला सायकलीसकट मोकळं करावं लागलं. पण तिसऱ्या दिवशी मी आठ सेकंदांवर आलो. गजेंद्रला बारा लागत. पाणी प्यायच्या निमित्ताने उठून मी त्याला तीन वेळा मोजलं होतं.

बेत असा होता: गुरुवारी अकराला सेठजी ओट्यावर चहाला बसतात. सगळे तिथेच असतात. तेव्हा मी सायकल काढायची, आठ सेकंदांत उघडायची, ओट्याला एक चक्कर मारायची आणि काही न बोलता कामाला लागायचं. बोलायचं सेठजींनी.

आता तोपर्यंत ती कुणाला दिसायला नको. कंपनीने पिशवी पाठवली नव्हती, आणि आमच्या गोंदियात ज्याला पिशवी नाही त्याला बारदाना असतो. घडी केलेली सायकल मी पोत्यात घातली. बाकीच्या जागेत शामकलाने जुन्या गोधडीचे तुकडे कोंबले, म्हणजे रंग खरवडायला नको. मग तिने दाभण-सुतळी घेऊन पोत्याचं तोंड शिवलं. दोन्ही बाजूंना कान काढून, टाक्याला टाका लावून, असं शिवलं की आत तांदूळ नाही असं म्हणायची कुणाची हिंमत झाली नसती! मी तिचं कौतुक केलं. ते मी आता मागे घेतो.

गुरुवारी पोतं घेऊन मी ऑटोने मिलमध्ये गेलो. म्हणजे माझी सायकल पहिल्यांदा रस्त्यावर आली ती ऑटोत बसून. मिलमध्ये ट्रक भरणं चालू होतं. मी पोतं ओट्याच्या कोपऱ्यात, निंबाच्या सावलीत ठेवलं आणि वही घेऊन ट्रकपाशी उभा राहिलो.

इथे तुम्हाला आमच्या मिलची एक पद्धत सांगितली पाहिजे. तांदळाच्या प्रत्येक ट्रकबरोबर आम्ही एक अर्धवट भरलेलं पोतं जास्तीचं पाठवतो. वाटेत एखादं पोतं उसवलं, तांदूळ सांडला, तर ते या पोत्यातून भरून घ्यायचं. त्याला आम्ही भरतीचं पोतं म्हणतो. ते हलकं असतं, आकाराला वेडंवाकडं असतं, आणि ट्रक भरेपर्यंत ते ओट्याच्या कोपऱ्यात, निंबाच्या सावलीत ठेवलेलं असतं. ही जागा ठरवून दिली होती मीच, एकोणीस वर्षांपूर्वी.

ट्रक भरत आला. शेवटी "भरतीचं घ्या" असं ओरडायचं काम माझं. पण माझं लक्ष कुठे होतं? फाटकाजवळ सेठजी उभे होते, आणि गजेंद्र त्यांना सायकलीची घडी करायला शिकवत होता! सेठजींनी स्वतःच्या हाताने एक खटका केला आणि लहान मुलासारखे हसले. माझ्याबरोबर ते असे कधी हसले नव्हते. नजर तिकडून न काढता मी हमालांच्या मुकादमाला, मनिरामला, ओरडून सांगितलं की भरतीचं चढव.

मनिराम पाठीवर पोतं घेऊन माझ्याजवळ थांबला. "भाऊ, हे टोचून राहिलं."

"टोचू दे," मी म्हणालो. तिकडे सेठजी दुसरा खटका करत होते.

ट्रक गेला. काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला अजून दहा मिनिटं होती.

अकरा वाजले. सेठजी ओट्यावर बसले, चहा आला. मी खाकरलो. सगळ्यांना म्हणालो, एक मिनिट इकडे लक्ष द्या, तुम्हाला एक वस्तू दाखवायची आहे. ऑफिसातले आले, हमाल आले, गजेंद्र पेला हातात घेऊन पुढे आला. मी शर्ट नीट केला, ऐटीत कोपऱ्यापर्यंत गेलो आणि मागे वळून पाहिलं. कोपऱ्यात चार लिंबोळ्या पडल्या होत्या. सेठजींनी बराच वेळ त्या लिंबोळ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मनिरामने सांगितलं, इथलं पोतं तर गेलं, खरं भरतीचं आत वजनकाट्यापाशीच राहिलं वाटते. मी काहीतरी बरळलो की त्यात माझं सामान होतं, आणि फाटकाकडे धावलो. माझी मोटारसायकल घरी! सेठजींची कार ड्रायव्हर स्टेशनवर घेऊन गेलेला. तेवढ्यात मागून गजेंद्र धावत आला, लाल सायकल उघडली आणि माझ्या हातात दिली.

"भाऊ, माझी घेऊन जा. रेल्वेचं फाटक बंद असलं तर ट्रक सापडून जाईल."

त्याच्या चेहऱ्यावर खोटं काहीच नव्हतं. माणसाने थोडा तरी नालायक असावं हो, म्हणजे समोरच्याला जळायला बरं पडतं!

मी निघालो. ट्रक जिथे माल उतरवणार होता ते गोदाम चार किलोमीटर. एवढ्या बुटक्या सायकलीवर एवढा मोठा मुनीम पाहून पानठेल्यावरची माणसं पिचकारी टाकायची विसरली. पण खरं सांगू? सायकल अशी छान चालली की मला रडू यायचं बाकी राहिलं. सीट मऊ, ब्रेक अलगद, कुठे करकर नाही. मी मनात धरून होतो की ही नुसती दिखाऊ असेल. माझा ट्रक पळून चालला होता, माझी सायकल पळून चालली होती, आणि मी जळत होतो की याची सायकल माझ्या सायकलीपेक्षा चांगली का! रेल्वेचं फाटक उघडंच होतं. एरवी अर्धा अर्धा तास बंद असतं.

गोदामात पोहोचलो तेव्हा पोती उतरायला लागली होती. तिथल्या तपासणीच्या रीता मॅडम हातात परखी घेऊन उभ्या होत्या. परखी म्हणजे टोकदार पोकळ लोखंडी नळी. पोत्यात खुपसली की आतले दाणे नळीतून हातावर येतात, ते पाहून माल पास करायचा. माझं पोतं त्यांच्या पुढ्यात होतं. मी लांबूनच ओरडलो, पण धाप लागल्यामुळे नुसताच आवाज निघाला.

त्यांनी परखी खुपसली. ठण्ण आवाज आला. त्यांनी भुवया चढवल्या, जागा बदलली आणि दुसऱ्यांदा जोर लावून खुपसली. फुस्स! फुसफुस थांबेना. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या.

"हे पोतं तर श्वास घेऊन राहिलं," त्या म्हणाल्या.

मी सांगत होतो की काही नाही, माझं खासगी सामान आहे. तांदळाच्या पोत्यात खासगी सामान म्हटल्यावर त्यांचा संशय दुप्पट झाला. अख्खा ट्रक थांबवला, उतरलेली पोती बाजूला लावली, आणि सेठजींना फोन केला की मालकाने स्वतः आल्याशिवाय पोतं उघडणार नाही. वीस मिनिटांत सेठजींची कार आली. मागच्या सीटवरून गजेंद्रही उतरला.

सुतळी कापली. गोधडीचे तुकडे निघाले, एक, दोन, पाच. मग निळा दांडा दिसला. मला काय झालं कोण जाणे, माझे हात आपोआप चालायला लागले. खटक, खटक, खटक. सायकल उघडून उभी. सात सेकंद! आजवरचा माझा सगळ्यात कमी वेळ, आणि तो कुणीच मोजला नाही. मागचं चाक शेवटची फुस्स करून बसलं.

सेठजींनी विचारलं, हे पोतं ट्रकवर चढवलं कुणी. मी मान खाली घालून म्हणालो, मीच सांगितलं. लक्ष कुठे होतं, असं त्यांनी विचारलं. त्यावर मी गजेंद्रकडे पाहिलं, आणि सेठजींना ते उत्तर पुरलं.

"टिकारामजी," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "जो आदमी अपनी साइकिल को चावल समझ के ट्रक में चढ़ा दे, उसको बाजार में कैसे बिठाऊं?"

ते मॅडमशी बोलायला वळले. गजेंद्र माझ्याजवळ आला. तो रडकुंडीला आला होता.

"भाऊ, हे काऊन केलं तुमी? मले ते बाजार पाहिजेच नव्हतं, संध्याकाळी बांधीवर जावं लागते. मीच तर सेठजीले तुमचं नाव सांगितलं. ते ठरलं होतं, भाऊ. पेंटरनं केबिनची पाटी बी रंगवली, तुमच्या नावाची. उद्या पूजेच्या टायमाले सांगणार होते तुमाले."

लाल सायकल त्याने का घेतली, तेही मग कळलं. त्याचे वडील त्याची मोटारसायकल गावी घेऊन गेले होते. एवढंच.

ट्रकमधल्या एकूण एक पोत्यात परखी खुपसूनच मॅडमनी माल पास केला. संध्याकाळ झाली. माझ्या चाकाला गोंदियात कुठे ट्यूब मिळेना, शेवटी लहान मुलांच्या सायकलीची बसवली. ती आता शामकला बाजाराला नेते. पोतं कुणी शिवलं होतं म्हणून सेठजींनी दोनदा विचारलं, ते मी तिला सांगितलेलं नाही.

आता दर मंगळवारी तांदळाचे नमुने घेऊन मला बाजारातल्या ऑफिसला जावं लागतं. खुर्चीवर गजेंद्र असतो. त्याची इच्छा नव्हती, पण सेठजींनी ऐकलं नाही. मला पाहिलं की तो उठून उभा राहतो, स्वतः पाणी आणतो, एसी वाढवतो. त्याच्याविषयी माझ्या मनात आता काही नाही, खरंच नाही.

पण केबिनच्या दारावर ती पाटी आहे. लाकूड सागाचं, म्हणून सेठजींनी फेकू दिलं नाही. पेंटरने जुन्या नावावर पिवळा हात मारला आणि वर गजेंद्रचं नाव लिहिलं. तो पिवळा रंग हलका निघाला. दुपारी जिन्याच्या खिडकीतून ऊन आलं की गजेंद्रच्या नावाखाली 'टिकाराम कापगते' सरळ वाचता येतं. मी कोंड्याने भरलेला, घाम पुसत, नमुन्यांची थैली घेऊन तिथे उभा असतो. आणि तो टिकाराम तिथे आरामात राहतो, एसीची हवा खातो, त्याला ना धूळ ना ट्रक. गजेंद्रचं जाऊ द्या, पण या माणसाचा मात्र मला फार हेवा वाटतो.