लेंड्या चाळणारा राठोड

लोकं पीठ चाळतात, रेती चाळतात. आमच्या शेजारच्या तांड्यातला रामधन राठोड बकरीच्या लेंड्या चाळते. त्याही स्वतःच्या बकरीच्या नाही, त्याच्यापाशी बकरीच नाही. माह्या बकऱ्याईच्या. रोज सकाळी चाळणी घेऊन माह्या बकऱ्या बांधाच्या कोठ्यात येऊन बसे, लेंड्या फोडे, चाळे, अन् एखादं तपकिरी, चपटं, चकचकीत बी सापडलं का चोर धरल्यासारखा ओरडे, "सापडला! पाहा वयनी, पाहुणा सापडला!"

पाहुणा म्हणजे सुबाभूळ. वयनी म्हणजे माही बायको, सुमन.

सुबाभूळ काही आपल्या इकडचं झाड नाही. कापसाचा भाव पडला, वर अळीनं बोंडं खाल्ली, त्या वर्षाईत बायांनी घरोघरी बकऱ्या घेतल्या. बकऱ्याईले चारा पाहिजे, म्हणून कोणीतरी गावात सुबाभळीचं बी वाटलं. पटकन वाढते, बकरी आवडीनं खाते. सुमननंही आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, ओळीनं लावलं. धुऱ्यावरून ते जंगलात कसं घुसलं, याचा राठोडनं जितका विचार केला, तितका स्वतःच्या लग्नाचा केला असता तं आज त्याले नातू असते.

त्याचं म्हणणं असं. बकरी शेंगा खाते, बी पचत नाही, मंग बकरी जंगलात जाते अन् पेरून येते. पण बी पडलं म्हणून झाड होत नाही. दाट सागाखाली, धावड्याखाली ते मरते. त्याले ऊन पाहिजे. अन् ऊन आपणच देलं. कापसाच्या पऱ्हाटीनं पोट भरेना तवा लोकाईनं झाडं तोडून विकली, मोहफुलं वेचाले सोपं जावं म्हणून खालचा पाला जाळला, मधातून रस्ता काढला. "जागा रिकामी दिसली का पाहुणा बसते," हे राठोडचं ठरलेलं वाक्य. "अन् बसला का उठत नाही. तोडलं तं बुडातून चार फुटते."

यावर त्यानं औषधही काढलं. शेंगा खाल्लेल्या बकरीले तीन दिस घरी बांधा, नुसतं कुटार, सुका भुसा, खाऊ घाला, पोट साफ झालं का मंगच जंगलात न्या. सारं गाव हासे.

"राठोड, बकऱ्याईची एकादस कवा सुटते गा?"

"अन् बोकड बी उपास धरते, का त्याले माफ हाय?"

राठोडचं ऐकलं एकट्या सुमननं. तिनं खरंच बकऱ्या बांधल्या, अन् कुटाराची पोती डोक्यावर आणाले मले धाडलं.

बरं, याचा हट्ट बकऱ्याईवर थांबला असता तरी चाललं असतं. घाटंजीच्या बाजाराले आम्ही संगं जात असू. बसची वाट पाह्यतो तेथं गुलमोहर हाय. भर उन्हाळ्यात सारी दुनिया त्याच्याखाली बसे, अन् हा बाहेर उन्हात. "गुलमोहरही बाहेरदेशचाच. परक्याच्या सावलीत बसत नाही मी." एका वर्षी ऊन लागून धाडकन पडला. चौघांनी उचलून गुलमोहराखाली नेला, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडले, वर लाल फुलं पाह्यली, अन् बुवा सरपटत पुन्हा उन्हात गेला! घरी आणल्यावर सुमननं त्याले कांदा हुंगवला, कैरीचं पन्हं करून पाजलं. मले ताप भरला का म्हणे, "झोपा, उतरते."

जळत होतो मी. सरळ सांगतो. माह्यासंगं ती कामापुरती बोले. मीठ सरलं, दोरी तुटली, बैल सुटला. त्याच्यासंगं मात्र कोठ्यात घंटाभर कुजबुज, अन् मधीच खुदकन हासणं. मी ओसरीवर बसून कान ताणत असे. माहा एक कान गेलेला, दुसऱ्यात बकऱ्याच ओरडत. जवळ गेलो का दोघं चूप.

"काय बोलत होते?"

"काही नाही. झाडाचं," सुमन म्हणे.

झाडाचं बोलताना कोणी तोंडाले पदर लावून हासते काय?

एक दिस मी राठोडले सुनावलंच. "तू सुबाभळीले परकी म्हणतं. अन् तुह्ये बापजादे? बैलावर मीठ लादून आले ते. तुम्ही कुठचे इथचे?"

म्हटलं, आता लागंल याले. तो चाळणी हालवत म्हणे, "खरं हाय भाऊ. पण आम्ही गावाबाहेर तांडा करून बसलो. कोणाच्या घरात नाही घुसलो."

"मंग रोज सकाळी तू कोणाच्या घरात असतं बे?"

सुमन इतकी हासली का हातातली चाय सांडली. बोललो मी होतो, पण पाहत होती ती त्याच्याकडं.

गेल्या हिवाळ्यात सुमन गेली. पोटाचं दुखणं होतं. मले वाटलं, आता हा यायचा नाही. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी चाळणी हजर! चाय मले मांडा लागली. घरात माही बायको नाही, अन् हा आपला बसून लेंड्या चाळते. महिनाभर सोसलं. मंग एका बाजाराले साऱ्या बकऱ्या नेल्या अन् विकून टाकल्या. म्हटलं, पाहू आता कायले येते.

सकाळी आला. रिकाम्या कोठ्यात बसला, खालची जुनी धूळ चाळणीत घेतली अन् चाळत राह्यला.

"बकऱ्या विकल्या म्यां."

"दिसते."

"मंग काय चाळतं? कायले आला?"

"जाऊ कुठं, भाऊ? माहं ऐकणारं हेच एक घर होतं."

चाळणीतून धूळ गळत होती, अन् त्याचं खाली ध्यान नोतं. मले राहवलं नाही. "राठोड, आज सांगून टाक. तुम्ही दोघं इथं बसून काय बोलत होते?"

त्यानं चाळणी हालवणं थांबवलं. मंग म्हणे, "वयनी तुह्या नकला करे."

"माह्या?"

"तू झोपेत बैल हाकलतं ना, ते. रात्री केलं का सकाळी मले करून दाखवे. हासून हासून तिच्या डोळ्याले पाणी ये. म्हणे, त्याईले सांगू नका, राठोडभाऊ, नाही तं झोपणारच नाही तो माणूस."

अख्खा संसार झाला, मले याचा पत्ता नाही. माही नक्कल, माह्या बायकोनं केलेली, अन् पाह्यली कोणी? यानं! चायचा कप त्याच्यापुढं आपटला.

"करून दाखव."

"काय?"

"ती करे ते."

राठोडनं चाळणी बाजूले ठेवली. खांद्यावरचा दुपट्टा पदरासारखा डोक्यावर घेतला, डोळे मिटले, अन् बारीक आवाज काढून ओरडला, "हर्र! तिकडं कुठं चाल्लं बे!"

आवाज माहा नोता. राठोडचाही नोता.

"पुन्हा कर," मी म्हटलं.