पुठ्ठ्याच्या खिडक्या

आमच्या गल्लीत कुणाला खिडकीला रंग लावायचा असला, तर आधी नगराळेकाकांच्या ओट्यावर हजेरी लावावी लागे. न लावून सांगता कुणाला? काका स्वतःच येऊन उभे राहत.

काका सरकारी कचेरीत इमारतींचे नकाशे काढत. घरी आल्यावर तेच काम, पण फुकटात. तुमच्या घराचा दर्शनी भाग ते पुठ्ठ्यावर हुबेहूब काढत, खिडक्यांच्या चौकटी ब्लेडने कापून जागा मोकळी ठेवत आणि मागून रंगीत घोटीव कागद सरकवत. आत्ता निळी खिडकी, आत्ता पिवळी. "पहिले पाहा, मंग लावा," हे त्यांचं पालुपद.

आमच्या ह्यांनी एकदा न विचारता इतवारीच्या बाजारातून हिरव्या रंगाचा डबा आणला. काकांनी फाटकातच अडवलं. म्हणे, हा रंग अंगावर येते. संध्याकाळी पुठ्ठा तयार! त्यावर आमचं घर तर होतंच, दोरीवर वाळणारं ह्यांचं भोकाचं बनियनसुद्धा होतं. हे कशाला, म्हटलं, तर म्हणाले, तेही रोज दिसतेच नं. डबा परत गेला. खिडक्या बदामी झाल्या आणि, खोटं कशाला बोलू, छान दिसू लागल्या.

गल्लीला शहाणपण वाटणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या खिडक्या मात्र नुसतं अस्तर मारून तशाच राहिल्या होत्या. कारण काकू. बांधकामाच्या वेळी भिंतींवर पाणी मारलं ते काकूंनीच, आणि खिडक्यांचा रंग मी निवडीन, हेही तेव्हाच बजावून ठेवलं. घर उभं राहीपर्यंत त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, पिकू द्या, मग काढू. लावून टाका कोणताही, असं काकू वैतागून म्हणत, गल्लीतला रंगारी काकांना हसे.

"घर तिचं आहे," काका म्हणत. "तिच्याच डोयानं ठरंल."

आणि ऑपरेशन बिघडलं तर, असं मी एकदा बोलून गेले. एवढा बोलघेवडा माणूस, पण हातातलं ब्लेड पुसून सरळ आत निघून गेला. मला फार वाईट वाटलं.

शेवटी धंतोलीतल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा आला, त्या सकाळी काकांनी मलाही बोलावलं. काकू खुर्चीत, पुठ्ठा धरून काका समोर. निळा सरकवला, पोपटी सरकवला. काकू पुठ्ठ्याकडे बघेचनात.

"अहो, तुमचे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"झाले असतीन. तू रंग पाह्य नं."

"पाहून राहिली नं मी," काकू म्हणाल्या आणि त्यांच्याकडेच बघत राहिल्या. काकांनी पुठ्ठा तोंडापुढे धरला. कागद सगळे खाली पडले. ते मीच गोळा केले.

दोन दिवसांनी रंग ठरला तो राणी. काकांनी दुसऱ्या कुणाला तो जन्मात लावू दिला नसता. खात्री करायला रंगारी दोनदा येऊन गेला. खिडक्या अशा काही भडकल्या की गल्लीतून जाणारा सायकलवाला हमखास मान वळवी.

न राहवून मी म्हटलंच, "काका, जरा जास्तच झाला, नाही?"

"झाला नं," काका खुशीत म्हणाले. "पण त्या कोपऱ्यावरच्या पानठेल्यापासून तिले आपलं घर दिसते."