आम्ही म्हणजे किती जण?

"आम्ही उद्या येत आहोत," धनश्री फोनवर म्हणाली, आणि पलीकडं तिची आई एकदम गप्प झाली.

गप्प राहणं फुलाबाईच्या स्वभावात नव्हतं. फोन उचलला की आधी शेळ्यांची खुशाली, मग शेजारणीच्या कागाळ्या आणि शेवटी 'जेवलीस का'. आज मात्र नुसता वारा ऐकू येत होता. वेल्ह्याच्या डोंगरातल्या त्या वाडीत रेंज फक्त देवळामागच्या कातळावर यायची, त्यामुळं फोनवर कुणीही बोलो, वारा मधे तोंड घालायचाच.

"आमी म्हंजी कोन गं?" आईनं जपून विचारलं.

"आम्ही म्हणजे आम्हीच, मातोश्री."

"शेजारी कुनी हाय का तुज्या?"

धनश्रीनं शेजारी पाहिलं. कॉलेजातली रत्ना कान टवकारून बसली होती. "आहे."

"त्येंच्याम्होरं नीट बोलता येत न्हाई व्हय?"

"नाही बोलता येत," धनश्री अगदी मनापासून म्हणाली. "आमच्या भोजनाची व्यवस्था असावी."

"आगं बया!" एवढं ऐकू आलं आणि रेंज गेली.

भोरच्या कॉलेजात सोमेश्वर सरांनी यंदा स्वतः लिहिलेलं ऐतिहासिक नाटक बसवायला घेतलं होतं, आणि धाकट्या राणीच्या भूमिकेसाठी धनश्रीला निवडलं होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती उंच म्हणून दरवर्षी झाड व्हायची. झाडाला वाक्य नसतं. त्यामुळं राणी झाल्याचं कळलं तेव्हा तिला दोन दिवस जेवण गेलं नाही. चाल तर अशी, की डोक्यावर मुकुट नसताना दिसावा. डोंगर चढून-उतरून मान आपोआप ताठ झालेली. घोडं अडलं ते जिभेपाशी. पहिल्याच तालमीत शत्रूचा वेढा पडला आणि राणीसाहेब गरजल्या, "परधानजी, म्या हितं असताना गड पडनार न्हाई!" गड राहिला, तालीम पडली. प्रधान हसून हसून सिंहासनामागं लोळला.

सरांनी मग फर्मान काढलं. प्रयोगापर्यंत ज्याला जी भूमिका, त्यानं त्याच भाषेत बोलायचं. मेसमध्ये, एसटीत, घरीसुद्धा. "एकदा जरी तोंडून 'म्या' निघालं, तर राणी रत्ना."

रत्नाला राणीची सगळी वाक्यं पाठ होती. शिवाय ती धनश्रीच्याच खालच्या वाडीची, येणंजाणं एकाच गाडीनं. त्यामुळं सरांना वेगळा पहारेकरी नेमावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी दोघी निघाल्या. "आम्हांस नसरापूरचे तिकीट द्यावे," राणीसाहेब म्हणाल्या आणि कंडक्टरनं निमूट दोन तिकिटं फाडली. दुसरं रत्नानं विनातक्रार घेतलं. नसरापुरात वेल्ह्याकडची जीप मिळाली. धनश्रीच्या मांडीवर एक भलीमोठी पिशवी होती. महाराज झालेला मुलगा काडीसारखा आणि अंगरखा भाड्याचा. घरी शिलाईचं मशीन होतं, म्हणून कमरेत टाके घालण्याचं काम तिनं अंगावर घेतलं होतं.

वाडीच्या फाट्यावर जीप थांबली तेव्हा धनश्रीला वाटलं, कुणी पुढारी येणार असावा. रांगोळी काढलेली. बाप्ये टोप्या घालून उभे. आणि सगळ्यांच्या पुढं तिची आत्या आक्काबाई, हातात ताट, ताटात कुंकू आणि भाकरीचा तुकडा. आत्यानं तुकडा धनश्रीवरून ओवाळला, रत्नाला कोपरानं बाजूला सारलं आणि जीपमध्ये डोकं घातलं.

"उतरा म्हनावं खाली. आता आलायसा तर तोंड तरी दावा."

ड्रायव्हर नवीन होता. पिशवी उतरवून द्यायला तो बिचारा खाली उतरला, तेवढ्यात त्याच्या कपाळाला कुंकू लागलं आणि डोक्याभोवती भाकरी फिरली.

"आवं आत्याबाई, म्या डायवर हाय!"

"डायवर का असंना. आता आमचा हाय."

"माजी बायकू हाय घरी!"

"काऽय?" असं आक्काबाईनं म्हणेपर्यंत जीप पहिलं वळण ओलांडून गेली होती.

घराच्या अंगणात चुलाण पेटलेलं होतं. जत्रेसाठी राखलेला बोकड त्यावरच्या पातेल्यात रटरटत होता. धनश्रीचे वडील चिमाजी दगडी ओट्यावर नवा फेटा बांधून बसले होते. फुलाबाईनं लेकीला पाणी दिलं, तिच्या गळ्याकडं पाहिलं, पायाच्या बोटांकडं पाहिलं आणि मग पिशवी उघडली. आतून जरीचा अंगरखा निघाला.

"ह्ये कुनाचं गं?"

"महाराजांचे," धनश्री म्हणाली. "कमरेत सैल होते. चार टाके घालावेत, मातोश्री."

"म्हाराज?" आक्काबाई पुढं सरकली. "कंच्या मठातलं? वय काय म्हनायचं?"

धनश्रीला वाटलं, कौतुकानं विचारतात. "प्रारंभी पंचवीस. अखेरीस साठ."

बायकांत कुजबूज झाली. साठ तेवढं सगळ्यांना नीट ऐकू आलं होतं.

"आनि घरात कोनकोन?"

"थोरल्या राणीसाहेब आहेत. आम्ही धाकट्या."

"सवतीवर गेली!" आक्काबाईनं कपाळावर हात मारला. फुलाबाईनं अंगरख्यातच तोंड लपवलं आणि हुंदका दिला.

आता कुठं धनश्रीच्या डोक्यात उजेड पडला. रांगोळी, भाकरी, बोकड, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. ती घाईघाईनं म्हणाली, "थांबावे! हे सारे नाटक आहे!"

"ते आमाला दिसत न्हाई व्हय?" आत्या कडाडली. "कालपास्नं नाटकंच चालल्याती तुजी. मातोश्री म्हनं!"

"रत्ने, तू सांग यांना!"

"मला काय ठावं बाई?" रत्ना गाल आत ओढून म्हणाली. मग तिच्या कानाशी लागली, "रत्ने नव्हं. रत्नाबाई म्हनायचं हाय. आनि 'थांबावे'त मजा न्हाई आली."

धनश्रीनं दात आवळले. राजभाषेत सगळं समजावता येईल, फक्त शब्द नीट निवडले पाहिजेत. ती शब्द निवडत असतानाच ओट्यावरून चिमाजी बोलले.

"पोरी, येवडंच सांग. लगीन तरी लागलंय का?"

सरळ प्रश्न आला म्हणून धनश्रीला हायसं वाटलं. ती खणखणीत म्हणाली, "नाही, आबा! आम्ही अविवाहित आहोत!"

"दोघंबी!" म्हणून आक्काबाई ताटासकट खाली बसली.

अंगणात पातेलं तेवढं रटरटत राहिलं. चिमाजींनी फेटा उतरवून मांडीवर घेतला आणि त्याचे वेढे ते एकेक करून सोडवायला लागले.

"चुलाण इझवा," ते हळू म्हणाले. "मानसास्नी जाऊ द्या घरी."

धनश्रीनं त्या हातांकडं पाहिलं. मग रत्नाकडं पाहिलं. रत्नानं श्वास रोखून धरला होता.

"आबा, म्या एकलीच हाय!" धनश्री ओरडली. "माज्यासंगं कुनीबी न्हाई. कालेजात नाटक बसीवलंय, त्यात म्या रानी झाले व्हते. रानी सवताला आमी म्हनती, म्हनून आमी! त्यो अंगरखा नाटकातल्या राजाचा, आनि त्यो राजा किकवीचा हाय, तालमीला सायकलवर येतो! म्या, म्या, म्या! झालं समाधान?"

"बोलली!" रत्ना टाळी वाजवून किंचाळली आणि देवळामागच्या कातळाकडं पळत सुटली.

फुलाबाईनं अंगरख्यातून तोंड बाहेर काढलं. चिमाजींचे हात फेट्यावर थांबले.

"झाले व्हते म्हंजी? आता न्हाईस?"

धनश्रीनं मान हलवली.

"का?"

"म्या म्हनले म्हनून."

चिमाजींना ते काही कळलं नाही. पण लेकीचं काहीतरी मोलाचं आत्ता अंगणात सांडलंय, एवढं कळलं. त्यांनी फेटा पुन्हा गुंडाळला. तो वाकडा बसला.

"लगीन न्हाई तर न्हाई. जेवान हाय. बसा रं समदी," ते म्हणाले. "आनि पोरीला नळी वाढा. मोठी."

"आनि म्या त्या डायवरला ववाळलं त्येचं काय?" आक्काबाई पुटपुटली, पण पंगतीला पहिली बसली.

खालच्या वाडीतली माणसं जेवणाच्या वासानं वर आली. त्यांत रत्नाची आई धोंडाबाईही होती. मघाचं तिनं काही ऐकलं नव्हतं. तिनं पहिला घास घेतला आणि कातळाकडून रत्ना येताना दिसली. चाल पार बदललेली, हनुवटी वर. सरांनी तिला फोनवर या क्षणापासून राणी केलं होतं, आणि फर्मान या क्षणापासून तिला लागू होतं. धनश्रीनं भाकरी मोडता मोडता कान टवकारले.

"कुठं कडमडली व्हतीस गं?" धोंडाबाईनं विचारलं. "देवळामागं चोरून कुनाशी बोलत व्हतीस?"

रत्ना थबकली. तिनं धनश्रीकडं पाहिलं. धनश्रीनं तिला मान झुकवून मुजरा केला.

"आम्ही," रत्ना हनुवटी सावरून म्हणाली, "आमच्या गुरुवर्यांशी बोलत होतो, मातोश्री."

धोंडाबाईचा घास हातातच राहिला.

"आमी? आनि कोन गं?"

मघाशी सगळा उलगडा ऐकलेली अख्खी पंगत अंगणात बसली होती. एकानंही तोंड उघडलं नाही. हात धुवायला उठलेले दोघं परत येऊन बसले. आक्काबाईनं हळूच ताट जवळ ओढलं आणि भाकरीचा नवा तुकडा मोडला.

धनश्रीला सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण तिच्या तोंडात घास होता, आणि तो ती राणीला शोभेल इतक्या सावकाश चावत होती.