हार्ड डिस्क कायम होईपर्यंत

कॉम्प्युटरमधून 'कट्' असा आवाज आला तेव्हा तात्पुरतेसाहेबांनी हातातला टॉवेल खांद्यावर टाकला आणि टेबलाखाली वाकून खोक्याला कान लावला. खोकं थोडा वेळ गप्प राहिलं. मग पुन्हा 'कट्', आणि पाठोपाठ आत कुणीतरी दातओठ खात असल्यासारखी घरघर.

"अगं, ऐकलंस?"

"आठ दिवस ऐकतेय," कागदावरची मान वर न करता बायको म्हणाली. "हार्ड डिस्क जायला आलीय. नवी आणा."

"आणा काय आणा! भाजी आहे का ती?"

तात्पुरते हे काही साहेबांचं आडनाव नव्हे. एका मोठ्या कारखान्यात माणसं नेमण्याचं खातं त्यांच्याकडे होतं, आणि त्यांच्या हाताखालून नोकरीत शिरलेला माणूस कायम होईपर्यंत आजोबा होतो, अशी तिथे वदंता होती. त्यावरून लोकांनी पाठीमागे हे नाव पाडलं. साहेबांना ते ठाऊक होतं आणि मनातून त्याचा थोडा अभिमानही होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. साहेब कधी तोंड न पोळताच सगळं फुंकून पीत आले होते. नवे बूट ते आधी महिनाभर घरातल्या घरात घालत. लग्नाचा निर्णय घ्यायलाही त्यांनी इतका वेळ लावला, की शेवटी मुलीनेच कंटाळून तारीख ठरवून टाकली.

त्या मुलीचं, म्हणजे आताच्या बायकोचं, सगळं नशीब या कटकट करणाऱ्या खोक्यात होतं. वर्षानुवर्षं तिने शाळेच्या पुस्तकांसाठी जठर, आतडी, ज्वालामुखी आणि बेडकाचे पाय काढले. तिचं नाव कुठेच छापलं गेलं नाही. आता पहिल्यांदाच तिचं स्वतःचं पुस्तक निघणार होतं, लहान मुलांचं, एका कासवाच्या गोष्टीचं, आणि मुखपृष्ठावर तिचं नाव येणार होतं. रेघा ती कागदावर काढी, पण रंग सगळे कॉम्प्युटरवर भरलेले. शेवटचं चित्र बाकी होतं. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत सगळी चित्रं प्रकाशकबाईंकडे पोचायला हवी होती. नाहीतर छपाईचं यंत्र दुसऱ्याच्या कामाला लागणार आणि कासव पुढच्या वर्षावर जाणार. पुढच्या वर्षाचं कुणी सांगावं?

साहेबांनी ती चित्रं अजून पाहिली नव्हती. "पूर्ण झाल्यावर बघेन. अर्धवट कामावर मी शेरा देत नाही," असं ते म्हणत. पण तिचं नाव छापलेलं बघायची घाई तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त होती. म्हणूनच तर हार्ड डिस्क घाईने घ्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. आता ही घाई आणि ती घाई यांचा मेळ कसा घालायचा, हे त्यांचं त्यांनाच माहीत.

कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या फेरीला दुकानदाराने खुर्ची दिली, दुसरीला पाणी दिलं, तिसरीला तो काउंटरखाली काहीतरी शोधायला जो वाकला तो बराच वेळ वर आला नाही.

"ही यापूर्वी कुठे होती?" साहेबांनी डबी उलटीपालटी करत विचारलं.

"कुठे असणार? डबीत. नवी आहे, साहेब."

"म्हणजे अनुभव नाही."

"अनुभव असला तर तिला जुनी म्हणतात ना!"

"भरवशाची आहे हे कशावरून?"

"पाच वर्षांची गॅरंटी आहे."

"गॅरंटी कोण देतं?"

"बनवणारी कंपनीच देते."

"म्हणजे स्वतःची शिफारस स्वतःच!" साहेब हसले. अशी शिफारसपत्रं त्यांनी पोत्याने पाहिली होती. "आणि पाच वर्षांच्या आत बिघडली तर?"

"नवी देतात."

"आणि आतलं?"

"आतलं तुमचं," दुकानदार म्हणाला, आणि लगेच त्याने आपली जीभ चावली. कारण त्या एका वाक्यावर साहेब आणखी दोन फेऱ्या मारणार हे त्याला दिसलं.

साहेबांनी त्या दोन फेऱ्या मारल्या. मेहुण्याला फोन करून 'तुझी डिस्क स्वभावाने कशी आहे?' असंही विचारलं. घरी येऊन ते खोक्याला कान लावत, उठत, खिडकीशी जात, परत येऊन कान लावत. बायकोला त्यांच्या येरझारांनी रंग भरणं मुश्कील झालं. इकडे दुकानदाराची गत भीक नको पण कुत्रा आवर अशी झाली. शेवटी तो म्हणाला, "साहेब, ही घेऊन जा. आठवडाभर वापरून बघा. नाही पटली तर परत करा. पैसे नंतर."

साहेबांचा चेहरा उजळला. "असं आधी का नाही बोललात? प्रोबेशन!"

त्यांनी डिस्क घरी आणली आणि तिच्या पाठीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली : 'प्रोबेशनवर'.

"बरं झालं बाई," बायकोने हुश्श केलं. "आधी माझी चित्रं तिच्यावर टाका."

"छे! पहिल्याच दिवशी? अगं, नव्या माणसाच्या हाती कुणी तिजोरी देतं का? महत्त्वाचं काम जुनीकडेच राहील. इतक्या वर्षांत तिने एक दिवस रजा घेतलेली नाही."

"अहो, ती आचके देतेय!"

"ज्येष्ठता म्हणून काही आहे की नाही?"

"मग पेनड्राइव्हवर तरी द्या."

"ते रोजंदारीवाले. आज खिशात, उद्या कुठे, पत्ता नाही." हा टोला मारताना, घरातला एकमेव पेनड्राइव्ह आपल्याच शर्टाच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेला होता, हे ते सोयीस्कर विसरले.

नव्या डिस्कला बिनमहत्त्वाचं काम द्यायचं ठरलं. कॉम्प्युटरवर साहेबांचा 'टाकाऊ' नावाचा एक फोल्डर होता. ज्यांत लेन्सवर त्यांचंच बोट आलं होतं असे फोटो, वॉशिंग मशीन वापरण्याच्या सूचना, एकच गाणं तीन वेळा, असा ऐवज त्यात साठला होता. रोज संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर साहेब कपाटाचं कुलूप उघडून नवी डिस्क काढत, तिला केबल जोडत, आदल्या दिवशीचं सगळं पुसत आणि पूर्ण टाकाऊ फोल्डर नव्याने कॉपी करायला लावत. मग पहिलं बोट उघडून बघत, शेवटचं गाणं वाजवून बघत आणि डिस्क पुन्हा कपाटात ठेवून किल्ली खिशात घालत.

"आज तिला काम दिलंत ना?" बायको रोज न चुकता विचारू लागली. तिने आपल्या पद्धतीत रस घेतलेला बघून साहेबांना फार बरं वाटलं.

पण दोन दिवसांतच एक गोष्ट त्यांना खुपू लागली. पहिल्या दिवशी ज्या कामाला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नव्हता, त्याला आता चहा होऊन, वर्तमानपत्र संपून, अंघोळ उरकली तरी पुरेना. गुरुवारी तर ते टेबलापुढे बसून, उठून, पुन्हा बसून थकले.

"बघितलंस? चार दिवसांत रंग दाखवला! काम तेच, तेवढंच, आणि बाईसाहेब रांगतायत."

"असेल हो," बायको म्हणाली. तिचं शेवटचं चित्र त्याच दिवशी पूर्ण झालं होतं आणि ती फार खुशीत होती. "पण झालं ना शेवटी? पूर्ण झालं ना?"

"झालं. पण असा आळशी नोकर मी ठेवत नाही."

तिला वाटलं, ते नेहमीप्रमाणे नुसतं बोलतायत. साहेब मात्र शुक्रवारी कामावर जाताना दुकानात शिरले, डिस्क काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "सुस्त आहे. दुसरी दाखवा. संध्याकाळी येतो." आयुष्यात एवढा झटपट निर्णय त्यांनी पहिल्यांदाच घेतला होता.

दुपार कलल्यावर कारखान्यात फोन वाजला.

"अहो, मशीन बंद पडलं," बायकोचा आवाज कापत होता. "चित्रं पाठवायला बसले, तर मोठ्ठा कटकटाट झाला आणि सगळं गेलं. काळं झालंय. काही दिसत नाही."

साहेबांनी समोरचा अर्ज बाजूला सारला. ज्येष्ठ डिस्कने एकदाच, कायमची रजा घेतली होती. चार वर्षांची चित्रं, मुखपृष्ठावरचं नाव, सगळं तिने बरोबर नेलं, आणि ते तिच्या हवाली केलं होतं आपणच. "माझं चुकलं गं," ते कसंबसं म्हणाले. हे वाक्य त्या कचेरीत कुणी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. समोर बसलेला उमेदवार घाबरून उठूनच उभा राहिला.

"ते चुकलं-बिकलं नंतर. कपाटाची दुसरी किल्ली कुठे आहे ते सांगा. नवी डिस्क काढते."

"नवीत काय आहे? टाकाऊ आहे सगळं."

"त्या टाकाऊतच आहेत माझी चित्रं! तुम्ही महत्त्वाचं काही तिला देत नाही, म्हणून मी रोज दुपारी माझा अख्खा फोल्डर तुमच्या टाकाऊत टाकून ठेवते. म्हणून तर तिला वेळ लागत होता. सांगा, किल्ली कुठे आहे?"

साहेबांनी खिशातली किल्ली चाचपली.

"अहो, किल्ली!"

"किल्ली आहे," साहेब म्हणाले. "पण कपाट रिकामं आहे."

ते धावतपळत दुकानाशी पोचले तेव्हा बायको आधीच तिथे येऊन उभी होती. पायांत दोन वेगवेगळ्या चपला, बोटांना रंग. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. ओरडली असती तर परवडलं असतं, असं साहेबांना वाटलं. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते.

"सकाळची ती डिस्क," साहेब धापा टाकत म्हणाले, "परत हवी."

दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या फेऱ्यांचं पाणी त्याने त्यांना पाजलं होतं. तो सावकाश खुर्चीत टेकला.

"कुठली? ती सुस्त? बसा ना. मागच्या वेळी तिला का काढलंत?"

"गैरसमज झाला."

"असे गैरसमज तुमचे नेहमी होतात का?"

आजवर आपल्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसलेली सगळी माणसं साहेबांना एकदम आठवली. तेही टोकावरच बसले होते. "होत असावेत," ते म्हणाले.

"पुन्हा काढणार नाही याची गॅरंटी?"

"मी देतो."

"म्हणजे स्वतःची शिफारस स्वतःच!"

"भाऊ," बायको काकुळतीला आली, "सहा वाजता माझं पुस्तक जाणार हो. पुसलीत का ती?"

तिचा चेहरा बघून दुकानदाराचा सगळा खेळकरपणा गेला. त्याने घाईघाईने खण उघडला. डिस्क तिथेच होती, पाठीवरच्या चिठ्ठीसकट.

"नाही ताई. पुसणारच होतो. पण म्हटलं, साहेबांचं काम एका फेरीत कधी झालंय का? संध्याकाळपर्यंत थांबावं."

साहेबांच्या जिवात जीव आला. आपल्या फेऱ्यांचा कुणाला तरी उपयोग झाल्याचं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

दुकानदाराने आपल्याच मशीनला डिस्क जोडली. टाकाऊ फोल्डर उघडला. आधी साहेबांचं बोट आलं, मग वॉशिंग मशीन आलं, आणि मग हिरवंगार कासव. बायकोने टेबलाची कड घट्ट धरली. एकेक चित्र प्रकाशकबाईंकडे निघालं. जाणाऱ्या फायलींची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती, आणि तिच्याकडे बघवत नाही म्हणून साहेब प्रथमच चित्रांकडे बघू लागले.

कासवाला नदीपलीकडे मित्राच्या घरी जायचं होतं. त्यासाठी त्याने नवी नाव आणली होती. पण नाव भरवशाची आहे का? त्याने तिला उन्हात ठेवलं, वाऱ्यात ठेवलं. बगळ्याला विचारलं, बेडकाला विचारलं. तिच्यात दगड भरले, काढले, पुन्हा भरले. प्रत्येक पानावर नदी थोडी थोडी बारीक होत होती. शेवटच्या चित्रात ती पार आटली होती, आणि कासव चिठ्ठी चिकटवलेली नाव डोक्यावर घेऊन कोरड्या पात्रातून चालत पलीकडे निघालं होतं.

साहेब खो खो हसले. दिवसभराचा सगळा ताण त्या हसण्यात निघून गेला.

"अगदीच येडं आहे हे! असा कुणी असतो का? आमच्या भांडारातला हेडक्लार्क वाटतो थोडा."

दुकानदाराला एकाएकी खोकला आला.

"अगं, ते कपाळावर काय आहे त्याच्या? टेंगूळ?" साहेब पुढे वाकले. नीट दिसेना म्हणून चष्मा काढायला त्यांनी खिसा चाचपला, मग दुसरा चाचपला. मग हात सवयीने कपाळाकडे गेला. चष्मा नेहमीप्रमाणे तिथेच होता. हातही तिथेच राहिला.

फोन वाजला. प्रकाशकबाईंचा होता. "आली हो सगळी! छापखान्याकडे लगेच पाठवते. आणि ते कासव काय गोड आहे! माझा नातू तर त्याच्यासारखं चालूनच दाखवतोय."

बायको मटकन स्टुलावर बसली, हसली, आणि हसता हसता तिने रंगाच्या बोटांनीच डोळे पुसले.

"मग साहेब, हिचं काय करायचं?" दुकानदाराने डिस्क पुढे केली.

"कायम," साहेब म्हणाले. हा शब्द घशाच्या सवयीचा नव्हता. त्यांनी डिस्कच्या पाठीवरची चिठ्ठी नखाने हलकेच सोडवली. चिठ्ठीचा डिंक अजून चांगला होता. ती या बोटाची त्या बोटाला चिकटू लागली, काउंटरवर लावावी तर दुकानदार बघतोय, फेकावी तर टोपली नाही. साहेबांनी थोडा विचार केला, आणि ती आपल्या शर्टाच्या खिशावर लावून टाकली.

बायकोने ती वाचली. पुढे होऊन तिचा उचललेला कोपरा अंगठ्याने नीट दाबून बसवला.

"तीन महिने," ती म्हणाली. "नंतर बघू."