नियम चौथा : पुरुषांस मनाई

राष्ट्राची प्रगती त्या राष्ट्रातल्या स्त्रिया किती धावतात यावरून मोजावी, असं जगानं १९७५ साली ठरवलं. (त्याआधी ती पोलादावरून मोजत. पोलाद मोजायला सोपं, ते एका जागी राहतं.) ते साल आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं, आणि इतर शहरं गडबडली असतील, पण नागपूर मुळीच गडबडलं नाही. कारण नागपुरात महिला क्रीडा उत्तेजक समिती सात वर्षांपासून तयार बसलेली होती.

समितीत सात सभासद होते. त्यांपैकी सहा पुरुष. महिलांच्या समितीत एक तरी बाई असावी अशी दूरदृष्टी संस्थापकांना असल्यामुळे सातव्या प्रेमलताबाई. त्या दर बैठकीत एकच वाक्य बोलत, "मैदान उघडा ना हो." इतिवृत्तात याची नोंद 'प्रेमलताबाईंनी आभार मानले' अशी होई. त्यानंतर आलूबोंडे येत.

कार्यालय धंतोलीत, हाडांच्या डॉक्टरच्या दवाखान्यावर होतं. खेळाडू मुलगी पडली-झडली तर जिना उतरला की उपचार, ही त्यामागची योजना. सात वर्षांत या सोयीचा लाभ एकदाच घेण्यात आला. अध्यक्ष चंपतराव जिन्यावरून घसरले होते.

समितीचं स्वतःचं मैदान होतं. भोवती सहा फूट भिंत, लोखंडी फाटक, फाटकावर पाटी : 'फक्त महिलांसाठी'. पाटी असल्यामुळे पुरुष आत जाऊ शकत नसत. महिलाही जाऊ शकत नसत, कारण महिला प्रशिक्षक नेमल्याशिवाय मुलींना आत सोडणं धोक्याचं. आणि मुली नियमित येऊ लागल्याशिवाय प्रशिक्षक नेमणं उधळपट्टीचं. परिणामी त्या मैदानासारखं गवत अख्ख्या नागपुरात नव्हतं. ते वाया जाऊ नये म्हणून चंपतरावांच्या दोन म्हशी आत चरत. दोन्ही मादी असल्यानं पाटीचा भंग होत नसे. फाटकाची चावी चंपतरावांच्या जाकिटाच्या डाव्या खिशात असे. उजव्या खिशात माझा कायम नेमणुकीचा हुकूम होता, सही व्हायचा राहिलेला. मी समितीचा तात्पुरता कारकून.

माझी धाकटी बहीण गोपिका तेव्हा मॅट्रिकच्या वर्षाला होती. तिला आठशे मीटर पळण्याचा नाद होता. जानेवारीत जिल्ह्याची निवड चाचणी होणार होती. आधी ती रस्त्यावर पळे, पण मागं सायकलवाल्या पोरांची घंटी वाजवत वरात निघू लागली आणि आईनं रस्ता बंद केला. मग तिनं समितीकडे अर्ज केला : संध्याकाळी पाच ते सहा मैदान मिळावं. एकूण तीन अर्ज केले. तिन्ही अर्जांवर मी स्वतः आवक क्रमांक घालून ते फाईलला लावले. बहिणीचं काम म्हणून जराही दिरंगाई केली नाही.

अशात परदेशातून एका आंतरराष्ट्रीय स्त्री-व्यायाम परिषदेचा तक्ता आला. प्रश्न सातवा : 'आपल्या शहरातील स्त्री आठवड्यास सरासरी किती तास खेळते?'

मी खरं उत्तर लिहिलं. ते गोल होतं.

"शून्य लिवता?" चंपतराव म्हणाले. "मंग ही समिती काहून हाये म्हणून नाही विचारणार का ते?"

"मग पाणी भरणं धरायचं का, साहेब?" मी विचारलं. मी गंमत केली होती. तसा माझा स्वभाव आहे.

चंपतरावांनी आलूबोंडा खाली ठेवला. "धरा," ते म्हणाले.

एकदा पाणी धरल्यावर बाकीचं सोडणं अन्यायाचं झालं असतं. चुंबळीवर भरलेला गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, घेऊन चालणं हे भारोत्तोलन. धुणं धुणं हा जलक्रीडेचा प्रकार. उघड्या पोराच्या मागं चड्डी घेऊन धावणं ही अडथळ्यांची शर्यत. घासलेटची रांग हा सांघिक खेळ. (पंच नसतो, बाकी सगळं असतं.) बेरीज आठवड्याला सेहेचाळीस तास आली. पुरुषांची एक तास दहा मिनिटं, आणि तीही एका सभासदानं पत्ते धरण्याचा आग्रह धरला म्हणून.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. जगात तोवर पहिला असलेल्या देशातल्या बाया आठवड्याला सहा तास खेळत. नागपूरनं तो देश चाळीस तासांनी मागं टाकला होता. हा चमत्कार डोळ्यांनी बघायला परिषदेच्या तज्ज्ञ मिस लिंडेन नोव्हेंबरात येत होत्या.

त्यांना आमच्या मोहल्ल्याच्या नळावर नेण्यात आलं. पहाटे सहाला नळ येतो, साडेसातला जातो; म्हणजे मुदतबद्ध सामना. बाईंच्या गळ्यात शर्यतीचं स्टॉपवॉच होतं. नळापासून आमचं दार एकशे दहा मीटर, त्यांनी स्वतः फीत लावून मोजलं. बारा लिटरचा गुंड घेऊन गोपिकानं ते अंतर इतक्या झपाट्यानं कापलं, की बाईंनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. मग त्यांनी स्वतः एक गुंड डोक्यावर घेतला. चार पावलांनंतर तो त्यांना बाद ठरवून खाली आला.

ओल्या कपड्यांनी बाई गोपिकाजवळ गेल्या आणि माझ्यामार्फत विचारलं, तुला आणखी काय मिळालं तर तुझी प्रगती होईल?

"सांग ना गा, दादा," गोपिका म्हणाली. "मैदानाची चावी पायजे म्हणा. एक घंटा फक्त."

मी चंपतरावांकडे पाहिलं. त्यांचा डावा हात डाव्या खिशावर होता, उजवा उजव्या.

"ती म्हणते," मी इंग्रजीत सांगितलं, "तिला याहून मोठं भांडं हवं आहे."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते लिहून घेतलं.

परदेशी माणसं शब्दाला पक्की. डिसेंबरात मानपत्र आलं आणि सोबत पेटीतून अॅल्युमिनियमच्या चाळीस घागरी, प्रत्येकी वीस लिटरच्या. पहिली घागर समारंभपूर्वक गोपिकाला देण्यात आली. तिनं ती उचलून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. ती मॅट्रिकला होती, भांड्याचं इंग्रजी तिला येत होतं.

एवढ्या यशानंतर नियमावली लागतेच. मसुदा मी केला, समितीनं एकमतानं मंजूर केला. (प्रेमलताबाईंनी आभार मानले.)

नियम पहिला : नळ हे मान्यताप्राप्त क्रीडाकेंद्र समजण्यात येईल.
नियम दुसरा : प्रत्येक खेपेची नोंद वहीत होईल.
नियम तिसरा : शहरातील स्त्रिया पुरेशा खेळत असल्याने मैदान उघडण्याची निकड उरलेली नाही. तेथील सध्याची व्यवस्था चालू राहील.
नियम चौथा : हा खेळ स्त्रियांचा असल्याने पुरुषाने गुंडास, घागरीस किंवा चुंबळीस हात लावणे हे स्त्रियांच्या क्षेत्रावरील अतिक्रमण होय. असे करणाऱ्याचे नाव वेगळ्या वहीत लिहिण्यात येईल.

चौथा नियम मला विशेष आवडला होता. लिहिताना मी एकटाच बराच वेळ हसलो.

निवड चाचणी जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी सातला, शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. नळ सहा ते साडेसात. बाबा खापरखेड्याला वीज केंद्रात, सुटीच्या दिवशीच घरी येत, आणि त्या रविवारी त्यांची पाळी होती. आईचे गुडघे गेलेले. म्हणजे घरात पाणी भरू शकतील असे चार पाय उरले, दोन गोपिकाचे आणि दोन माझे.

शनिवारी संध्याकाळी ती म्हणाली, "दादा, उद्या पाणी तू भर. एकच दिवस."

"नियम चौथा," मी म्हणालो.

"तो तूच लिवला ना गा?"

"लिहिला मी. मंजूर समितीनं केला."

"सातच तर खेपा हायेत. सकाळी अंधार असते, कोणाले दिसत बी नाही."

"नाव लिहिलं जाईल."

"मंग लिवू दे ना," ती म्हणाली. "वही तुयाच जवळ हाये."

यात तर्क होता, हे मी मान्य करतो. पहाटे मी उठलो. घागर घेतली, चुंबळ डोक्यावर ठेवली, दाराबाहेर एक पाऊलही टाकलं. समोरच्या ओट्यावर देवराव मंजन लावून राहिले होते. त्यांनी बोट तोंडातून काढलं आणि अतिशय मायेनं विचारलं, "काय गा, नवीन नोकरी लागली का?"

मी आत आलो. समितीच्या नियमांचा मला आदर आहे.

गोपिकानं घागर माझ्या हातून घेतली, चुंबळ माझ्या डोक्यावरून काढली. सात खेपा केल्या, पदराऐवजी ओढणीनं मान पुसली, बूट हातात घेतले आणि गेली. पोचली तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मुलींची आठशे मीटर सात-चाळीसलाच उरकली होती. चार मुली पळाल्या होत्या. पहिलीची वेळ तीन मिनिटं नऊ सेकंद. गोपिका रस्ता बंद होण्याआधी दोन-एकेचाळीसला पळाली होती, सायकलवाली पोरं मागं धरून.

ती परत आली तेव्हा मी वही लिहीत बसलो होतो : 'गोपिका. खेपा सात. जाऊन-येऊन एकूण अंतर एक हजार पाचशे चाळीस मीटर. क्रमांक : प्रथम.' तिनं माझ्या खांद्यावरून वाचलं.

"तू पेनानं मस्त पळतं गा, दादा," ती म्हणाली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली. (हात व खांद्यांचा व्यायाम, पंचवीस मिनिटं. मी नोंद केली.)

एक फेब्रुवारीला मी कायम झालो.

आता याला नऊ वर्षं झाली. मानपत्र कार्यालयात आहे. मैदानावर म्हशी पाच झाल्या आहेत, म्हणजे महिलांचा सहभाग अडीचपट. गोपिकाला खापरखेड्यालाच दिलं. तिच्या घरात नळ आहे असं ऐकतो. तिचा खेळ तेवढा कमी झाला.

चौथ्या नियमाची वही माझ्याकडेच असते. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, पहिल्या पानापासून कोरी. नऊ वर्षांत या शहरातल्या एकाही पुरुषानं नियम मोडलेला नाही. एवढी शिस्त मी इतर कुठल्याही कायद्याच्या बाबतीत पाहिली नाही. तरी हे वाचताना आपल्याजवळ पाण्याचा पेला असेल, तर तो कुणी भरून ठेवला तेवढं एकदा आठवून पाहावं. आपणच भरला असेल, तर नाव कळवावं. वही उघडून, पेन घेऊन बसलो आहे. घाई नाही.